सायकलकट्टा: टांग मारली की मनात आपण कोण होतो?

मागच्या अंकात जाता जाता मी विचारलं होतं, सायकलवर टांग मारली की तुम्ही मनातल्या मनात कोण होता? म्हणजे कामाला, भाजीला, पोराला शाळेत सोडायला निघालेला माणूस पहिल्या दोनशे मीटरमध्येच कुणीतरी वेगळा होतो, त्याच्या डोक्यात शर्यत सुरू होते, पुढं चाललेला दूधवाला त्याचा प्रतिस्पर्धी होतो, आणि हे तो घरात कुणाला सांगत नाही. मला वाटलं दोन-चार जण लिहितील. पण पत्रं आली, मेसेज आले, दोघांनी तर व्हॉइस नोट पाठवल्या, आणि जवळजवळ सगळ्यांनी शेवटी ‘नाव छापू नका’ असं लिहिलंय. म्हणून नावं काढून फक्त पेठ-वसाहत ठेवलीय, आणि यावेळचा सगळा कट्टा याच विषयाला दिलाय.

प्रश्न: दादा नमस्कार. मी शिरोली एमआयडीसीत फौंड्रीत मोल्डिंगला हाय, वय ४४. फुलेवाडीतनं रोज सायकलनं जातो, फर्स्ट शिफ्ट, सातच्या आत गेटवर पोचायला लागतंय. कामावरच्या एका पोरानं मोबाईलवर पन्तानी नावाच्या इटलीच्या सायकलवाल्याचा व्हिडिओ दाखवला, तो डोंगरावर सायकल चालवायचा, डोक्याला रुमाल बांधलेला, तवापासनं मी फुलेवाडीचा पन्तानी. डोक्यात कॉमेंट्री चालू असती. गंगावेशीत दूध कट्ट्यावर थांबलेली माणसं म्हणजे माझी पब्लिक, तावडे हॉटेलचा चौक म्हणजे शेवटचं वळण. परवा सिग्नलला थांबलो तर कॉमेंट्री तोंडातनं मोठ्यानं बाहेर पडली, शेजारची स्कूटीवाली बाई बघायला लागली. घरात सांगितलं तर मंडळी म्हणाली डोक्यावर परिणाम झालाय काय. हे बंद करू का?
एक वाचक, फुलेवाडी

उत्तर: भावा, बंद करू नकोस. हे मी तुझं मन राखायला म्हणत नाही, नीट विचार करून सांगतोय, म्हणून जरा लांबण लागेल.

आधी आपल्या गावाचंच बघ. फुटबॉल वर्ल्डकप आला की आपल्या पेठांत ब्राझील-अर्जेंटिनाचे झेंडे लागतात, चौकाचौकात मेस्सी-नेमारचे कटआउट उभे राहतात, गल्लीत खेळणारा पोरगा गोल मारला की त्याच्या लाडक्या खेळाडूसारखे हात पसरून पळतो आणि कट्ट्यावरची म्हातारी माणसं त्याला त्याच खेळाडूच्या नावानं हाक मारतात. त्याच्या डोक्यावर परिणाम झालाय असं कुणी म्हणतं का? खासबागेत तांबड्या मातीत लोळणारं पोरगंसुद्धा मनात केसरीच असतं. कोल्हापूरला ईर्षा कळते, नाद कळतो, फक्त सायकलवर बसलेल्या माणसाचा नाद कुणाला दिसत नाही कारण तो एकटा असतो आणि त्याचं मैदान म्हणजे रोजचाच रस्ता. एवढाच फरक आहे.

दुसरं, हे नुसतं खूळ नाही, याचं शरीरात काहीतरी होतं. १८९८ साली अमेरिकेत नॉर्मन ट्रिप्लेट नावाच्या माणसानं सायकल शर्यतींचे आकडे काढून बघितले, तर एकट्यानं घड्याळाविरुद्ध चालवणाऱ्यापेक्षा सोबत कुणी असलं की माणूस जास्त जोरात जातो असं त्याला दिसलं, मग त्यानं पोरांना मासेमारीची रीळ फिरवायला लावून तेच तपासलं. खेळाच्या मानसशास्त्रातला हा अगदी सुरुवातीचा प्रयोग समजतात आणि त्याची सुरुवात सायकलपासून झाली याचा मला फार आनंद वाटतो. पुढं २०१४ मध्ये ब्रिटनमधल्या संशोधकांनी २४ जणांना जागेवरच्या सायकलवर पार दमेपर्यंत पायडल मारायला लावलं, मग त्यातल्या अर्ध्यांना दोन आठवडे स्वतःशी बोलायची वाक्यं शिकवली, ‘मस्त चाललंय’, ‘अजून जमतंय’ अशा धाटणीची, आणि परत चालवायला लावलं. ते आधीपेक्षा साधारण १८ टक्के जास्त वेळ टिकले, आणि तेवढाच जोर लावताना त्यांना कष्ट कमी वाटले. तुझी कॉमेंट्री म्हणजे दुसरं काय आहे? बारा-तेरा किलोमीटर जायचं, वर आठ तास भट्टीजवळ उभं राहायचं आणि परत यायचं, यात जो आवाज तुला ओढून नेतोय तो सांभाळून ठेवायची गोष्ट आहे.

माझंही सांगतो. लहानपणी मंगळवार पेठेत आमच्या गल्लीच्या तोंडाला भाड्यानं सायकल मिळायची, आठ आण्याला तास, दुकानदार वहीत सायकलचा नंबर आणि वेळ लिहून घ्यायचा, एक मिनिट उशीर झाला तरी पुढच्या तासाचे पैसे. मोठी सायकल, सीटवर पाय पुरायचे नाहीत म्हणून मधल्या नळीतनं पाय घालून हाफ पायडल. स्पोकला सिगारेटच्या पाकिटाचा पुठ्ठा चिमट्यानं लावायचा, की फटफटीसारखा आवाज. त्या एका तासात कुठवर जाऊन परत येता येतं ही माझी शर्यत होती, आणि मी त्यात मी नसायचोच. पुढं कॉलेजात असताना वाचलं की एडी मर्क्स नावाच्या बेल्जियमच्या सायकलवाल्यानं १९७२ मध्ये मेक्सिको सिटीत एका तासात ४९.४३१ किलोमीटर कापले, आणि असा ‘तासाचा विक्रम’ हा जगातला एक मोठा मान आहे, ट्रॅक, एक सायकल, एक माणूस आणि एक तास, बाकी काही नाही. वाचून अंगावर काटा आला. कारण तो तास मला माहीत होता. तो आमच्या दुकानदाराच्या वहीतला तास होता.

आता कामाचं. सायकल शर्यतींमध्ये एक गोष्ट असते, टूर दे फ्रान्सची स्टेज, म्हणजे एका दिवसाचा टप्पा, गावातनं सुरू होते तेव्हा लगेच रेस सुरू होत नाही, पुढं एक गाडी चालते, सगळे तिच्या मागं सावकाश गावाबाहेर येतात, मग निशाण फडकलं की खरी रेस. त्या आधीच्या पट्ट्याला न्यूट्रल म्हणतात. तू तेच कर. फुलेवाडी ते रंकाळा पहाटे रस्ता मोकळा असतो, तिथं तू पन्तानी. गंगावेशीपासून स्टेशनपर्यंत न्यूट्रल, तिथं फक्त डोळे आणि कान. पंचगंगा पुलाच्या आसपास हायवेची वाहनं असतात तिथं रेसचा विषयच काढायचा नाही, डावी कड, मागं रिफ्लेक्टर आणि लाल दिवा. एमआयडीसीच्या आतल्या रस्त्यावर शेवटचे तीनशे मीटर परत तुझे. आणि कॉमेंट्री मोठ्यानं बाहेर पडली तर पडू दे, तिचा एक उपयोग आहे, जोवर पूर्ण वाक्यं बोलता येतायत तोवर तुझा दम बेतात आहे, जेव्हा नुसतं ‘चल, चल’ एवढंच उरतं तेव्हा तू मर्यादेच्या वर गेलायस. शिफ्टच्या आधी त्या वर जाऊ नकोस.

पन्तानीबद्दल एक. १९९८ साली त्यानं इटलीची जिरो आणि फ्रान्सची टूर या दोन्ही मोठ्या शर्यती एकाच वर्षी जिंकल्या, ते फार थोड्यांना जमलंय. पण १९९९ मध्ये रक्तचाचणीवरून त्याला चालू जिरोतनं बाहेर काढलं, आणि २००४ मध्ये तो एका हॉटेलच्या खोलीत एकटा गेला, वय फक्त ३४. नाव सोडून दे असं मी म्हणत नाही. ज्याचं नाव आपण रोज घेतो त्याचं सगळं आपल्याला माहीत असावं, एवढंच. आणि वहिनींना एक दिवस रविवारी पहाटे डबलसीट घेऊन रंकाळ्याला जा, तिथं चालू कॉमेंट्री त्यांना ऐकव. त्यांना पटेल.

प्रश्न: सर, मी शिक्षिका आहे, वय ३८, राजारामपुरीतून कसबा बावड्याला शाळेला सायकलने जाते. साधी लेडीज सायकल, गिअर नाहीत. मलाही मनात रेस लागते पण माझी अडचण वेगळी आहे, माझ्या डोक्यातला कॉमेंट्रीवाला पुरुष आहे आणि त्याला माहीत असलेली सगळी नावंही पुरुषांची. मी कोण व्हायचं? आणि दुसरं, मी एखाद्या सायकलवाल्या पुरुषाला मागं टाकलं की दहा सेकंदात तो जोर लावून पुढे जातोच, मग पुढे जाऊन हळू होतो. रोज. याचं काय करायचं?
राजारामपुरी

उत्तर: ताई, तुमचा पहिला प्रश्न वाचून मी बराच वेळ नुसता बसलो, कारण इतकी वर्षं हा कट्टा लिहितोय आणि मीही उदाहरणं देताना पुरुषांचीच नावं दिलीत. ते चुकलंच.

तर तुमच्यासाठी अल्फोन्सिना स्ट्राडा. इटलीची, जन्म १८९१ चा. १९२४ मध्ये ती जिरो दि इटालियामध्ये पुरुषांबरोबर उतरली, आणि त्या शर्यतीत धावलेली ती आजवरची एकमेव बाई आहे. एका स्टेजला वाऱ्यापावसात तिचं हँडल मोडलं तर तिनं झाडूच्या दांड्याचा तुकडा लावून ते बांधलं आणि पुढं निघाली, पण वेळेच्या मर्यादेबाहेर पोचली म्हणून तिचं नाव अधिकृत यादीतनं काढलं, तरी ती थांबली नाही, यादीबाहेर राहून शेवटपर्यंत मिलानला पोचली. निम्म्याहून जास्त पुरुषांनी शर्यत अर्ध्यात सोडली होती. झाडूचा दांडा! मला ही गोष्ट कितीही वेळा सांगितली तरी दमायला होत नाही.

अलीकडचं हवं असेल तर बायकांची टूर दे फ्रान्स २०२२ पासून नव्यानं सुरू झालीय, पहिली जिंकली नेदरलँड्सच्या आनेमिक व्हान व्ह्लॉयटेननं. २०२४ मध्ये पोलंडच्या कासिया न्येव्हियाडोमानं ती फक्त ४ सेकंदांनी जिंकली, शेवटचा दिवस आल्प द्युएझच्या चढावर, पुढं गेलेल्या बाईला गाठायचं नव्हतं, फक्त तिचं अंतर वाढू द्यायचं नव्हतं, आणि तेवढं तिनं दात-ओठ खाऊन केलं. पुरुषांच्या टूरमधला सगळ्यात कमी फरक ८ सेकंदांचा आहे, १९८९ चा.

आणि परदेशी नाव नको वाटलं तर तुमच्या वाटेवरच ताराराणी चौक आहे. घोड्यावरचा तो पुतळा बघत रोज जाताय तुम्ही. १७०० मध्ये राजाराम महाराज गेल्यावर औरंगजेबाच्या फौजेविरुद्ध जिनं राज्य चालवलं आणि लढवलं, तिचं नाव घेऊन बावड्यापर्यंत जायला कुणाची परवानगी लागत नाही.

दुसऱ्या प्रश्नाचं, तो पुढं गेला तर जाऊ दे असं मी सांगणार नाही कारण तुम्हाला त्याचा राग येतोय आणि तो योग्य आहे. त्याच्या डोक्यातही रेस चालूय, पण त्यात त्याला तुमच्या मागं राहणं चालत नाही, ही त्याची उणीव. तुम्ही तुमची लय सोडू नका. बिनगिअरच्या सायकलला एकसारखी पायडल मारत राहणं हीच ताकद असते, तो झपाट्यानं पुढं जाऊन दमतो, तुम्ही त्याच चालीनं परत त्याच्या पुढं. दोन वेळा असं झालं की त्याच्या लक्षात येतं. ओढणी मात्र खांद्यावरनं मागं घेऊन कमरेला बांधा आणि मागच्या चाकाला जाळी बसवून घ्या, साखळीवर पूर्ण कव्हर हवं, चाकात ओढणी अडकून झालेले अपघात मी बघितलेत.

प्रश्न: काका, मी शिवाजी पेठेतला, वय २०. रविवारी पन्हाळ्याला जातो. मनात मी पोगाचार असतो, टूर दे फ्रान्स जिंकणारा स्लोव्हेनियाचा, अगदी केस हेल्मेटच्या बाहेर काढण्यापर्यंत. मागच्या रविवारी केर्लीपासून पुढं एक अनोळखी गृहस्थ दिसले, भारी सायकल, मी त्यांच्या मागं लागलो. त्यांना माहीत नव्हतं. वाघबीळच्या अलीकडं त्यांनी खड्डा चुकवायला वेग कमी केला आणि माझं पुढचं चाक त्यांच्या मागच्या चाकाला लागलं, मी पडलो, कोपर सोललं. ते थांबले, पाणी दिलं, पट्टी बांधली. मागं किती अंतर ठेवायला पाहिजे होतं? आणि उतरताना स्ट्राव्हा ॲपवर एका सेगमेंटचं केओएम, म्हणजे त्या पट्ट्यातल्या सगळ्यात कमी वेळेचा मान, मला फक्त तीन सेकंदांनी हुकतंय, ते घेऊ का?

उत्तर: कोपर बरं होईल. पण तुझ्यावर मी जरा चिडलोय आणि ते सांगणारच, कारण तो माणूसही पडू शकला असता.

अनोळखी माणसाच्या मागं अंतर किती ठेवायचं हा प्रश्नच येत नाही, त्याच्या चाकाला चिकटायचंच नाही. तुला माहीत असेलच की तीसच्या वेगाला गेलं की आपली बहुतेक ताकद वारा कापण्यात जाते, आणि पुढच्याच्या आडोशाला राहिलं की मागच्याची पाव ते एक तृतीयांश मेहनत वाचते, म्हणून शर्यतीत सगळे एकमेकांना चिकटून जातात. पण ते वर्षानुवर्षं एकत्र सराव करतात, खड्डा दिसला की पुढचा हात करून दाखवतो, ओरडतो. त्या गृहस्थांना तू मागं आहेस हेच माहीत नव्हतं तर ते हात कुणाला करणार? आणि चाकाला चाक लागलं की पडतो तो मागचाच, कारण पुढचं चाक अडकलं की हँडल वळवून तोल सावरता येत नाही. जायचंच असेल तर शेजारी जाऊन विचारायचं, ‘काका, मागं थांबू का थोडा वेळ?’ बहुतेक जण हो म्हणतात. मग तुम्ही दोघे मिळून जाता, आणि ते जास्त मजेचं असतं.

ट्रॅक्टरच्या मागं तर कधीच नाही. गाळप सुरू झालं की आपल्या जिल्ह्यात उसाच्या ट्रॉल्या दिवसरात्र चालू असतात, एकामागं एक दोन ट्रॉल्या जोडलेल्या, ऊस बाहेर लोंबतोय, कितीतरींना मागं दिवा नाही. तुझ्या वयाची पोरं त्याच्या मागं वारा चुकवायला जातात. एक मोळी निसटली किंवा पडलेला ऊस चाकाखाली आला तर संपलं.

आता पोगाचार. तो होतोयस ना, मग त्याची २०२० ची टूर नीट बघ. शेवटून दुसरा दिवस, तो पहिल्या नंबरवरच्या रोग्लिचच्या ५७ सेकंद मागं, आणि त्या दिवशी टाइम ट्रायल होती, म्हणजे प्रत्येकानं एकट्यानं सुटायचं, पुढं कुणाचं चाक नाही, आडोसा नाही, शेवटाला सरळ डोंगर. त्या एका दिवसात त्यानं टूर फिरवली आणि ५९ सेकंदांनी जिंकली, टूर संपल्याच्या दुसऱ्या दिवशी तो बावीस वर्षांचा झाला. म्हणजे तेव्हा तो तुझ्या आत्ताच्या वयापेक्षा दीड-दोन वर्षांनीच मोठा. मला तुला हेच सांगायचंय, तुझा नाद मोडायचा नाहीय मला. तू त्या दिवसाचा पोगाचार हो. केर्ली फाट्यावर घड्याळ चालू, पन्हाळ्याच्या नाक्यावर बंद, आणि स्पर्धा कुणाशी, तर मागच्या रविवारच्या तुझ्याशी. तो तुला चांगला ओळखतो आणि त्याला खड्डेही माहीत आहेत.

आल्प द्युएझचा चढ १३.८ किलोमीटरचा आणि त्यावर २१ वळणं, प्रत्येक वळणाला पाटी, आकडे खालनं २१ पासून सुरू होऊन वर १ पर्यंत उतरत जातात, आणि पाटीवर तिथं जिंकलेल्यांची नावं. वाघबीळच्या पुढच्या वळणांना तू आणि तुझ्या मित्रांनी असेच उलटे आकडे द्या, नावं द्या. एका वळणाला त्या पट्टी बांधणाऱ्या गृहस्थांची आठवण राहील असं नाव ठेव. मला वाटतं चढ सोपा होईल.

उतरताना केओएम घेऊ का, तर नाही. उतारावर समोरनं एसटी, कड्यावर माकडं, पर्यटकांच्या गाड्या मधेच थांबलेल्या, आणि तू तीन सेकंदांसाठी वळणावर मधली रेघ ओलांडणार. वळणाच्या आधी दोन्ही ब्रेक, वळणात ब्रेक नाही, आणि फोनवर उताराचं रेकॉर्डिंग बंद. अशा सेगमेंटला धोकादायक म्हणून खूण करायची सोय त्या ॲपवर आहे. ती तू कर. केओएम घेण्यापेक्षा ते मला जास्त आवडेल.

प्रश्न: लाल ठिपक्यांची जर्सी ऑनलाइन स्वस्तात मिळतेय, आमच्या ग्रुपमध्ये म्हणतात ती कमवायला लागते, अशीच घालायची नाही. खरं का?
टाकाळा

उत्तर: घाला. कमवायची जी असते ती टूरमध्ये डोंगरांच्या राजाला मिळते, १९७५ पासून, आणि ते ठिपकेसुद्धा एका चॉकलेट कंपनीच्या वेष्टनावरनं आलेत कारण पैसे ती देत होती. शर्यतीत सगळ्यात पुढं असणाऱ्याची पिवळी जर्सी १९१९ ची, शर्यत भरवणाऱ्या वर्तमानपत्राचा कागद पिवळा होता म्हणून ती पिवळी असं सांगतात. आपल्याकडं मुंबई-पुणे शर्यतीत बोरघाट चढून पहिला येणाऱ्याला ‘घाटाचा राजा’ म्हणतात, तो मान मात्र तिथं जाऊनच मिळवायचा. कपडा विकत मिळतो. उन्हाळ्यात सुती टी-शर्टपेक्षा जर्सी लवकर वाळते हे तिचं खरं काम, आणि लांबनं उठून दिसणारा रंग असेल तर सगळ्यात बरं.

प्रश्न: वय ६७. साने गुरुजी वसाहतीतून रोज सकाळी रंकाळ्याला सायकलने फेरी मारतो. सगळे मला मागे टाकतात, आता चालणारेसुद्धा जवळ आलेत. नातू नववीत आहे, तो सायकलवर स्वतःला कुठल्याशा स्लोव्हेनियन खेळाडूचं नाव घेतो आणि मला विचारतो, आजोबा तुम्ही कोण? मला उत्तर देता आलं नाही. सुचवा.

उत्तर: आबा, तुमच्यासाठी माझ्याकडं एक माणूस आहे, रॉबेर मार्शां. फ्रान्सचा. २०१२ मध्ये वयाच्या १०० व्या वर्षी त्यानं त्या तासाच्या विक्रमाला हात घातला, शंभरीच्या लोकांसाठी वेगळा गट केला गेला, आणि तो एका तासात २४.२५ किलोमीटर गेला. पुढं दोन वर्षं त्यानं नीट, शास्त्रशुद्ध सराव केला, आणि २०१४ मध्ये १०२ व्या वर्षी तो गेला २६.९२७ किलोमीटर. म्हणजे शंभराव्या वर्षापेक्षा जास्त! मग २०१७ मध्ये १०५ व्या वर्षी २२.५४७. २०२१ मध्ये १०९ वर्षांचा होऊन गेला. नातवाला सांगा, मी मार्शां, अजून माझी पहिली शर्यत व्हायला ३३ वर्षं आहेत.

आणि सगळ्यात मागं असण्याबद्दल. टूरमध्ये शेवटच्या माणसाला ‘लांतेर्न रूज’, म्हणजे लाल कंदील, म्हणतात, जुन्या रेल्वेच्या शेवटच्या डब्याला लाल कंदील टांगायचे त्यावरनं, आणि लोक त्याला विशेष टाळ्या देतात, कारण तीन आठवडे, साडेतीन हजारांच्या आसपास किलोमीटर, रोज वेळेच्या मर्यादेच्या आत पोचूनच तो शेवटचा राहिलेला असतो. कितीतरी जण त्याच्या आधीच घरी गेलेले असतात. तुम्ही जिथं फेरी मारता तिथल्या नंदीची गोष्ट तुम्ही मला सांगाल इतकी तुम्हाला माहीत असेल, रोज गव्हाच्या दाण्याएवढा पुढं आणि तांदळाच्या दाण्याएवढा मागं सरकतो म्हणतात. रंकाळ्याला घाईचं कौतुक कधीच नव्हतं.

एक तब्येतीचं, फेरीत छातीत जड वाटलं, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ आली तर फेरी पुरी करायची नाही, तिथंच थांबायचं आणि सोबतच्यांना सांगायचं. खिशात घरच्या नंबराची चिठ्ठी असू दे.

प्रश्न: मी शाहूपुरीत पेपर टाकतो. पहाटे चारला उठतो, साडेचारला गठ्ठे घेतो, साडेसहाच्या आत लाइन संपवायची, मग दिवसभर दुसरं काम. तुमचा प्रश्न वाचला पण माझ्या डोक्यात तसलं काय येत नाही, घरं मोजत जातो. हेल्मेटवाले ग्रुप पहाटे जाताना एकमेकांना हात करतात, मला करत नाहीत. माझी कसली रेस? तरी लिहावं वाटलं.

उत्तर: लिहिलंस ते फार बरं केलंस, मी हे पत्र मुद्दाम शेवटाला ठेवलंय.

टूर दे फ्रान्स कशासाठी सुरू झाली माहितीय का? पेपर खपवायला. ‘लोटो’ नावाचं खेळाचं वर्तमानपत्र होतं, त्याचा खप दुसऱ्या पेपरपुढं मार खात होता, म्हणून संपादक आंरी देग्रांज आणि त्याच्या माणसांनी १९०३ मध्ये देशभर फिरणारी सायकल शर्यत काढली. ६० जण सुटले, २१ पोचले, ६ टप्पे, २,४२८ किलोमीटर. पहिलाच टप्पा पॅरिस ते लिऑन ४६७ किलोमीटर, म्हणजे रात्रभर अंधारात चालवायचं, आपल्यासारखे रस्ते, आपल्यासारखी बिनगिअरची जड सायकल. जिंकला मोरिस गारें. तो लहानपणी घरोघरी धुराडी साफ करायचा. पेपर खपला, दुपटीहून वर गेला. म्हणजे जगातली सगळ्यात मोठी सायकल शर्यत पेपर लोकांच्या दारात जावा म्हणून जन्माला आली, आणि अंधारात उठून सायकलवरनं तो पेपर दारात नेणारा तू विचारतोयस माझी कसली रेस. या अंकात ज्यांची पत्रं आहेत त्या सगळ्यांपेक्षा पहिल्या टूरच्या जवळ तू आहेस.

साडेसहाची वेळ म्हणजे तुझी टाइम लिमिट. गठ्ठ्याचं ओझं घेऊन दर घराला थांबणं, परत सुटणं, परत थांबणं, यात किती ताकद जाते हे हेल्मेटवाल्यांना विचार, त्यांना सिग्नलला थांबायचं म्हटलं तरी जिवावर येतं. आणि पहाटे हिंडणाऱ्या ग्रुपमधल्या जे कुणी हे वाचत असतील त्यांना माझी हात जोडून विनंती आहे, पेपरवाला, दूधवाला, पाववाला दिसला की आधी तुम्ही हात करा.

बाकी, मागचा कॅरिअर हलत असेल तर दोन्ही बाजूंच्या पट्ट्यांचे नट बदलून घे, गठ्ठा सीटला जितका चिकटून बांधशील तितकी सायकल कमी डुलेल, आणि जुनी ट्यूब कापून केलेला पट्टा दोरीपेक्षा घट्ट बसतो. पावसाळ्यात गठ्ठ्याला खालनंही प्लॅस्टिक घाल, पाणी चाकावरनं वर उडतं. मागं लाल दिवा हवाच, पहाटे तुझ्यामागनं ट्रक येतात. आणि एक कर, सोमवारी पहिल्या घराला पेपर टाकताना घड्याळ बघ, शेवटच्या घराला परत बघ, किती घरं आणि किती मिनिटं ते मला कळव. पुढच्या अंकात छापतो, तुझं नाव चालत असेल तर नावासकट.